दोघांची उपस्थिती अनिवार्य

फुकटच्या सुट्टीला अटी असतात हे शेंबडं पोरही सांगेल. पण आम्हाला आलेल्या सुट्टीला इतक्या अटी होत्या की त्या वाचतानाच मला सुट्टीची गरज भासू लागली.

कोयनेच्या जलाशयापलीकडे, लाँचने जावं लागेल अशा ठिकाणी दोन रात्री राहायचं, जेवणखाण फुकट. मात्र येणारे नवरा-बायकोच हवेत. लग्नाला दहा वर्षं तरी झालेली हवीत. वयं पस्तीस ते साठच्या मधली. मुलं, सासू-सासरे, मित्र, शेजारी चालणार नाहीत. शनिवार-रविवार नाही, दिवाळी नाही, मे महिना नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दीड तासाच्या परिचय सत्राला बसायचं, मोबाइल बाहेर ठेवायचे, आणि दोघांपैकी एक जरी मधेच उठला तर खोलीचं पूर्ण भाडं भरायचं. सगळ्यात शेवटी ठळक अक्षरांत लिहिलं होतं : दोघांची उपस्थिती अनिवार्य.

कंपनीचं नाव होतं 'द्विदल व्हेकेशन क्लब'. "हे डाळी विकतात का सुट्ट्या?" शैलेशने विचारलं आणि स्वतःच हसला.

शैलेश तारळेकर म्हणजे माझा नवरा. समोर मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना शैलेश लिहिते, लिहिताना जरा धीर येतो. कराडच्या स्टँडजवळ त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी येतात, हा त्यांची तार उलगडून नवी गुंडाळतो. माणूस कामाला चोख, पण फुकट ते पौष्टिक यावर त्याची देवापेक्षा जास्त श्रद्धा. असल्या सुट्ट्या त्याने यापूर्वीही उपभोगल्या होत्या, दर वेळी एक बॅग किंवा डिनर सेट घेऊन परतला होता आणि एकदाही काही विकत घेतलं नव्हतं. त्याचा एक मंत्र होता. नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की ते का विचारतात, आणि का विचारलं की माणूस अडकतो. म्हणून फक्त 'बघू' म्हणायचं. निघायच्या आधी त्याने मला दोनदा बजावलं, "काय बी विचारू देत, आपण फक्त बघू म्हणायचं."

जागा सुरेख होती. पाणी इतकं स्थिर की लाँच गेल्यावर त्यावरची रेघ बराच वेळ तशीच राहायची. आमच्याबरोबर आणखी सहा जोडपी आली होती, कुणी सांगलीचं, कुणी फलटणचं. सगळे पुरुष एकमेकांकडे बघून मिशीतल्या मिशीत हसत होते. प्रत्येकाची खात्री की आपणच कंपनीला गंडवणार.

सत्रासाठी प्रत्येक जोडप्याला वेगळी खोली दिली. दोन मऊ खुर्च्या, समोर मोठा पडदा आणि एक मुलगी. किमया तिचं नाव, पाटणची, आमच्या लेकीपेक्षा, ऋजुतापेक्षा, दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. ती काही विकतच नव्हती. तिने आमचं लग्न कुठं झालं ते विचारलं, पहिला प्रवास कुठला ते विचारलं, मग म्हणाली, पुढच्या वीस वर्षांत कुठंकुठं जायला आवडेल ते तुम्ही दोघं आपसात बोला, मी मधे पडणार नाही. शैलेश सुरू झाला. आपण गोव्याला जाऊ, आपण काशीला जाऊ, आपण विमानाने अंदमानला जाऊ. मी म्हटलं, तुम्ही ठरवा, मी बॅगा भरेन. मग पडद्यावर चित्रं आली. आमच्याच फोटोंवरून यंत्राने तयार केलेली. आम्ही दोघं समुद्रावर, आम्ही दोघं देवळाच्या पायरीवर, केस पांढरे झालेले. मधेच एका चित्रात मी एकटीच होते, नावेत, मांडीवर पुस्तक. चित्र चुकून आलं असावं, लगेच गेलंही.

आणि सत्र संपलं. अर्धा तासही झाला नसेल. किमयाने हसून दोन थर्मास आमच्या हातात ठेवले आणि म्हणाली, काका, काकू, तुम्ही मोकळे आहात, नौकाविहाराला जाऊन या.

शैलेशचा चेहरा मी कधी विसरणार नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी पान ओलांडून पुढे गेला की माणसाचा होतो तसा. बाकीच्या खोल्यांची दारं बंदच होती. आत चहा जात होते, मॅनेजर जात होते, एका खोलीतून तर टाळ्या ऐकू आल्या. आम्ही नावेतून एक फेरी मारून आलो तरी फलटणच्या जोडप्याचं आत चाललेलंच होतं. त्याच्या त्या सुप्रसिद्ध 'बघू'ला तोंडातून बाहेर पडायची संधीच मिळाली नव्हती.

जेवणानंतर तो किमयाला शोधत गेला, मी मागोमाग. आम्हाला योजना का सांगितली नाही, आम्ही काय भिकारी दिसतो का, असं त्याने विचारलं. ती गडबडली. म्हणाली, तसं नाही काका, तुमच्यासाठी सध्या जोडी-योजना उपलब्ध नाही. मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, काकूंसाठी एकल योजना आहे, पंचवीस वर्षांची. हवी असेल तर दाखवते.

"आणि मला?" शैलेशने विचारलं.

"काका, तुमच्यासाठी नाही."

तो हटून बसला. जळालेली मोटार असो की माणूस, आत काय झालंय ते कळल्याशिवाय हा सोडत नाही. शेवटी त्या पोरीने आम्हाला बाहेर चिंचेखाली नेलं आणि सगळं सांगितलं.

चार वर्षांपूर्वी ग्राहकांच्या भल्यासाठी कायदा बदलला होता. जोडीने घेतलेल्या सदस्यत्वात दोघांपैकी एकजण वारला, किंवा दोघं वेगळे झाले, तर कंपनीने सगळे पैसे परत द्यायचे. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं होतं. कंपन्यांनी काय केलं, तर जी जोडी टिकणार नाही तिला विकायचंच बंद केलं. पूर्वी दोघांनी हजर राहायची अट असायची ती 'घरी विचारून सांगतो' ही पळवाट बंद करायला. आता ती मोजायला असते.

मोजतात ते असं. हृदयाचा प्रत्येक ठोका शरीराला एक बारीकसा धक्का देतो. आपल्याला तो जाणवत नाही, पण खुर्चीखालच्या पट्टीला जाणवतो. प्रत्येक ठोक्यासरशी चेहऱ्याचा रंग केसभर बदलतो, तो कॅमेऱ्याला दिसतो. दारापासून खुर्चीपर्यंतचा गालिचा पावलं मोजतो, कुठलं पाऊल जड पडतं, कोण कुणासाठी थांबतं. आणि आवाज तर सगळाच टिपला जातो, श्वासासकट. यातल्या एकट्या गोष्टीवरून काही कळत नाही. पण अशा खुर्च्यांत बसून गेलेल्या हजारो जोडप्यांचं पुढे काय झालं हे कंपनीकडे आहे. यंत्राला कुणी शिकवलं नाही की हे बघ आणि ते बघ. त्याने स्वतःच धागे जुळवले. शेवटी ते एक आकडा देतं, दोघं अजून किती वर्षं एकत्र असतील याचा. त्याला ते 'सोबतमान' म्हणतात. का, ते यंत्र सांगत नाही. घड्याळ वेळ सांगतं, कशाची ते सांगत नाही, तसंच.

"आमचं किती आलं?" मी विचारलं.

"दोनच्या आत," किमया म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "काकू, मी सांगितलं असं कुणाला सांगू नका. माझी नोकरी जाईल."

परतीच्या लाँचमध्ये शैलेश थर्मास मांडीवर घेऊन बसला होता. हिशेब साधा होता. बायकोला पंचवीस वर्षं, नवऱ्याला काहीच नाही, दोघांना मिळून दोन. रिवाइंडिंगवाल्याला एवढं गणित येतं : दोन वर्षांच्या आत तो मरणार. कोयनानगरला उतरताना त्याने माझी बॅग उचलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आमच्या डॉक्टर शिंगट्यांनी त्याची भीती आधी हसण्यावारी नेली, मग वैतागले. हृदय झालं, फुप्फुसं झाली, पोट झालं, डोक्याचा एमआरआय झाला. काही निघालं नाही. थोडं कोलेस्टेरॉल. डॉक्टर म्हणाले, तारळेकर, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जगाल, आता माझ्या दवाखान्यात पाय ठेवू नका. मला वाटलं, संपलं. पण त्या दिवसापासून शैलेश बदलला.

पहाटे उठून भाजी चिरायला लागला. मला इन्व्हर्टरचं पाणी कसं तपासायचं ते शिकवलं, मीटरपाशी नेऊन कुठला फ्यूज कुठला ते दाखवलं. स्वतः वरणभात करायला शिकला. ऋजुता बंगळूरहून फोन करायची, तर तिच्याशी नेहमीसारखं दोन वाक्यं बोलून मला फोन द्यायच्या ऐवजी ऐकत बसायचा. घरात इतकी शांतता आणि इतका गोडवा मी कधी अनुभवला नव्हता. बळी द्यायच्या आधी बोकडाला ओवाळतात, तसं काहीतरी चाललंय असं वाटायचं. फक्त बोकड कोण, ते कळत नव्हतं.

बाहेरचं जगही बदललं. कंपनीने तो आकडा कुणाकुणाला विकला होता देव जाणे. शैलेशच्या मोबाइलवर एका माणसाच्या डब्याच्या जाहिराती येऊ लागल्या. माझ्या मोबाइलवर एकट्या स्त्रियांसाठीची घरं, एकट्या स्त्रियांच्या सहली. बँकेने आमच्या जोडखात्याबद्दल अतिशय गोड आवाजात चौकशी केली, दोघांना वेगवेगळी खाती सोयीची पडतील का म्हणून. कुणी काही वाईट बोलत नव्हतं. सगळे जण फक्त आमच्या मधून वाट काढत होते.

मग एके दिवशी तो म्हणाला, घर तुझ्या नावावर करतोय, बक्षीसपत्राचा मसुदा तयार आहे. मी रात्रभर रडले. मरणाऱ्या माणसाने आवराआवर करावी तसं सगळं चाललं होतं आणि मला ते बघवत नव्हतं. म्हणून मी किमयाला शोधून काढलं. तिने ती नोकरी सोडली होती, पाटणला मावशीच्या बेकरीत बसत होती. मी तिच्यासमोर हात जोडले. यांना नेमकं काय होणार आहे, एवढं सांग म्हटलं. निदान शेवटचे दिवस कसे असतील ते तरी कळू दे.

तिने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मला आत बसवलं.

"काकू, काकांना काही होणार नाही," ती म्हणाली. "त्यांचा भाग चांगला आला होता. आकडा तुमच्यामुळे पडला."

मला क्षणभर खरंच बरं वाटलं. मी विचारलं, मग मला काय झालंय?

"तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्ही जाणार आहात. सोडून."

मी हसले. मग तिने समजावून सांगितलं आणि माझं हसू गेलं. एकल योजना जो सोडून जाणार त्यालाच दाखवतात, मागे राहिलेला एकटा सहलीला जात नाही. त्या खोलीत दोघांना आपसात बोलायला लावतात ते उगाच नाही. भविष्याबद्दल बोलताना माणूस कर्ता कोण ठेवतो, हे यंत्र बघतं. मराठीत तर त्याला आयतंच सापडतं, ती म्हणाली, कारण आपल्याकडे दोन शब्द आहेत, 'आम्ही' आणि 'आपण'. नवऱ्याशी बोलताना तुम्ही एकदाही 'आपण' म्हणाला नाहीत. 'तुम्ही' म्हणालात, 'मी' म्हणालात. शिवाय ते नावेतलं चित्र चुकून आलेलं नव्हतं, असं एकट्याचं एक चित्र प्रत्येक जोडप्याला दाखवतात, कधी नवऱ्याचं, कधी बायकोचं. दोघांचं चित्र असताना तुमचे ठोके भरभर पडत होते. एकटीच्या चित्रावर ते शांत झाले.

आता माझा धंदा सांगते. बाहेरून बदली होऊन आलेल्या बँक अधिकाऱ्यांना मी मराठी शिकवते. दुसऱ्याच आठवड्यात हा धडा येतो. आम्ही जेवायला चाललोय म्हटलं तर समोरच्याने आपल्या घरी जायचं, आपण जेवायला जाऊ म्हटलं तर त्याने चपला घालायच्या. ओरिसापासून केरळपर्यंतच्या माणसांना मी हे घासूनपुसून शिकवलं, आणि माझ्या स्वतःच्या तोंडातून तो शब्द कधी गळून पडला ते मला ऐकू आलं नाही.

पाटणहून परतताना बसमध्ये मी आधी रागावले. यंत्रावरच. कारण शैलेशला म्हणे पैकीच्या पैकी गुण होते, त्याच्या प्रत्येक वाक्यात 'आपण' होतं. त्याचं 'आपण' म्हणजे काय हे त्या यंत्राला कोण सांगणार? आपण जरा चहा टाकू म्हणजे मी टाकायचा. आपण पाहुण्यांना बोलावू म्हणजे मी रांधायचं. तेवीस वर्षं त्या शब्दात मी एकटीच राबत होते आणि तो शब्द त्याच्या खात्यावर जमा होत होता.

मग राग उतरला आणि भीती वाटली. मी खरंच जाणार होते का? मी मनाचा कानाकोपरा झाडून बघितला. कधीतरी, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, कुठंतरी एकटीने बसावं असं वाटलं असेल. ते कुणाला वाटत नाही? नावेतली ती बाई शांत होती, कारण तिच्या मांडीवर पुस्तक होतं आणि तिला कुणी हाक मारत नव्हतं. त्याला सोडून जाणं म्हणत नाहीत, त्याला दुपार म्हणतात. मी कुठंही जाणार नव्हते. एवढं मला त्या बसमध्ये स्वच्छ कळलं, आणि हेही कळलं की तो मरणाची वाट बघत बसलाय ते माझ्यापायी. घरी पोचल्याबरोबर सांगायचं ठरवलं.

तो ओट्यापाशी कणीक मळत होता. मी सगळं सांगितलं. तुम्हाला काही होणार नाही, तो आकडा माझ्या बोलण्यावरून आला होता, यंत्राला वाटलं मी तुम्हाला सोडून जाणार. मला वाटलं तो चिडेल, किंवा सुटल्यासारखा हसेल. त्याने पिठाचे हात नळाखाली धरले.

"मला माहिताय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"शिंगट्यांनी ठणठणीत म्हटलं तेव्हापासून. मी मरणार नसंन, आन तुला पंचवीस वर्षं असतील, तर मग राहिलं काय? तूच जाणार." तो हात पुसत राहिला. "म्हणून घर तुझ्या नावावर करतोय. उद्या गेलीस तर तुझ्या डोक्यावर छप्पर पायजे. मी दुकानाच्या माळ्यावर राहीन, मला सवय आहे."

म्हणजे इतके महिने तो आवराआवर करत होता ती स्वतःच्या मरणाची नव्हतीच. फ्यूज, इन्व्हर्टर, मीटर, सगळं मला एकटीला राहता यावं म्हणून शिकवत होता. वरणभात तो स्वतःला एकट्याला जेवता यावं म्हणून शिकला होता. मला इतकं भरून आलं की मी त्याचे ओले हात धरले. तेवीस वर्षांत मी त्याच्यावर इतकं प्रेम कधी केलं नव्हतं.

"अहो, मी कुठंही जाणार नाही," मी म्हटलं. "आपण इथंच म्हातारे होऊ. आपण दोघं."

शब्द आपोआप आला होता, पोटातून. मला तो ऐकू आला. मला वाटलं त्यालाही येईल.

त्याने हलकेच हात सोडवून घेतले. "तू म्हणतीस गं," तो म्हणाला. "मन राखायला माणूस म्हणतंच की. एकदा परत जाऊ. खुर्चीत बसून बघू काय येतंय."

मी किती प्रकारे समजावलं. म्हटलं, मी तुमच्यासमोर उभी आहे, मला विचारा. तो म्हणाला, "तुला तरी कुठं माहीत होतं? तुझं तुला कळलं नव्हतं, त्याला कळलं." माझ्या मनाची खबर माझ्याआधी एका खुर्चीला लागली होती, मग माझ्या शब्दाला आता कुणी काय किंमत द्यावी? बक्षीसपत्रावर त्याच आठवड्यात सह्या झाल्या. मी नको नको म्हणत होते, आणि मी नको म्हणते आहे तेही मन राखायलाच, असं त्याला वाटत होतं.

कंपनीच्या अटीप्रमाणे एका जोडप्याला वर्षभर पुन्हा बोलावत नाहीत. ते वर्ष आम्ही कसं काढलं ते आम्हालाच ठाऊक. मी काहीही बोलले की तो मान जराशी वाकडी करून ऐकायचा, जळक्या मोटारीला कान लावतो तसा. मी 'आपण' म्हटलं की तो बघायचा मी मुद्दाम म्हटलं का. तो शब्द आला नाही की उठून दुकानाकडे निघायचा. हळूहळू मी प्रत्येक वाक्य आधी मनात लिहून मग बोलू लागले. शाळेतल्या बाईंसमोर बोलावं तसं. मला जिथं नवरा हवा होता तिथं परीक्षक येऊन बसला होता, आणि बिचारा स्वतःच नापास व्हायच्या भीतीने अर्धा झाला होता.

वर्ष उलटलं आणि आम्ही लाँचने पलीकडे गेलो. अटी त्याच होत्या. खोली तशीच, फक्त किमयाच्या जागी टाय लावलेला एक तरुण होता. त्याने पुढच्या पंचवीस वर्षांबद्दल आपसात बोलायला सांगितलं. मी वर्षभर त्याचाच अभ्यास केला होता. मी म्हटलं, आपण ऋजुताकडे जाऊन राहू, आपण नातवंडांना घेऊन गणपतीपुळ्याला जाऊ, आपण सकाळी फिरायला जाऊ. पडद्यावर आमची चित्रं येऊ लागली तेव्हा मी डोळे उघडे ठेवून ऋजुता तान्ही होती ते दिवस आठवले, तिच्या टाळूचा वास आठवला. नावेतली बाई आली तेव्हा मी मनातल्या मनात अवघड उजळणी सुरू केली, एकोणतीसचा पाढा. ठोके शांत पडायला नको होते.

मला कुणी फसवणूक शिकवली नव्हती. मला फक्त त्याला वाचवायचं होतं.

तरुण एकदम सावरून बसला. आमच्यापुढे चहा आला, मग काजूकतली आली, मग मॅनेजर आले. दार लावून घेतलं गेलं. पडद्यावर हिरवा रंग पसरला आणि त्यावर आमची नावं, तारळेकर शैलेश आणि प्रणिता, जोडी-योजना, पूर्ण मुदतीसाठी पात्र. मॅनेजर म्हणाले, इतकं सोबतमान या हंगामात कुणाचं आलेलं नाही.

शैलेश रडायला लागला. तोंडावर रुमाल घेऊन, लहान मुलासारखा. मला वाटलं आता तो माझ्याकडे वळेल. मी हात पुढे केलासुद्धा. पण तो पडद्याकडेच बघत होता. पुन्हा पुन्हा ती ओळ वाचत होता, आणि त्या पडद्याला म्हणत होता, "थँक्यू, थँक्यू." मग त्याने विचारलंही नाही किती आणि कसं, सरळ सही केली, आणि पेन माझ्यापुढे धरलं. दोघांची सही लागते.

"आता कशाची काळजी नाही बघ," तो म्हणाला. चेहऱ्यावरून वर्षाचं ओझं उतरलं होतं. "आता पक्कं झालं."

मी त्याच्या त्या आनंदी चेहऱ्याकडे बघितलं. जे खरं बोलले होते ते ओट्यापाशी बोलले होते, आणि ते त्याला ऐकू आलं नव्हतं. इथं मी जे केलं ते सगळं खोटं होतं, आणि त्यावर त्याचा जन्मभराचा विश्वास बसला होता. आता पुढची पंचवीस वर्षं मला हेच पाठ म्हणत राहायचं होतं. मी पेन घेतलं, माझं नाव लिहिलं, आणि नाव लिहून होईपर्यंत मला कळलं होतं की मी त्याला सोडून जाणार. कुणी विचारलं नव्हतं, कुठल्या आकड्याने सांगितलं नव्हतं. राग नव्हता, छातीत धडधड नव्हती. माझं मन इतकं निवांत कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

मी अजून त्या मोजणाऱ्या खुर्चीतच होते. पडद्यावरचा हिरवा रंग जरासुद्धा हलला नाही.